रेल येण्यापूर्वी

बडोद्याहून सुरतेस जाताना दोन मोठ्या नद्या ओलांडाव्या लागतात. भरूचपाशी नर्मदा आणि उत्राण स्थानक मागे पडले की तापी. आमच्या लहानपणी आई दोन्ही नद्यांसाठी दोन तांब्याची नाणी पदराच्या गाठीत वेगळी बांधून ठेवीत असे. आता वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे नद्यांना नुसत्या नमस्कारावर समाधान मानावे लागते. गेल्या आषाढात आम्ही सौ.सह सुरतेस निघालो तेव्हा नर्मदेला नमस्कार केला खरा, परंतु तापी आली तेव्हा हात जोडावयाचे राहूनच गेले. आम्ही पुलाच्या खांबावरील पाण्याची रेघ पाहत होतो.

त्यास कारण होते. पुण्याहून भाच्याचा दूरध्वनी आला होता. "मामा, आईला आता तुम्हीच समजवा. शहात्तरावे लागले, एकटी राहते आणि तळमजला सोडावयास तयार नाही. पावसाळा आला की आम्हांला झोप लागत नाही." अक्का आमची थोरली बहीण. लग्न होऊन १९७१ साली ती सुरतेस आली ती तिथलीच झाली. दाजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. अडाजणच्या तीन मजली इमारतीतील तळमजल्याचा तोच ब्लॉक, तेच तुळशीचे कुंड आणि अक्का. तिला समजावण्याची कामगिरी घेऊन आम्ही निघालो होतो.

सुरतेत पुराला पूर म्हणत नाहीत, 'रेल' म्हणतात. "रेल आली", "रेलमध्ये गेले", "रेलच्या आधी घेतलेले" अशी तिथल्या बोलण्याची रीत आहे. आपल्याकडे दुष्काळाचे साल जसे काळाच्या मोजणीस लागते, तशी तिथे रेल. १८३७ साली एप्रिलमध्ये सुरत आगीत होरपळली आणि त्याच पावसाळ्यात तापीचे पाणी शहरात शिरले, ही हकीगत जुने सुरतकर स्वतः पाहिल्यासारखी सांगतात. पेशव्यांच्या, गायकवाडांच्या काळापासून या प्रांतात येऊन राहिलेली आपली मंडळी असोत, की तापी व्हॅली रेल्वेने खानदेशातून येऊन उधना, लिंबायत, नवागाम येथे वसलेली गिरणी-मागावरील मंडळी असोत, रेलच्या आठवणीत सगळे एका पंगतीचे.

खानदेशी माणसाला तर तापी सासरी भेटावी तशी सुरतेत भेटते. बैतूल जिल्ह्यातील मुलताईस उगम पावून, बुऱ्हाणपूर, चांगदेवचा पूर्णासंगम, प्रकाशे अशी तीर्थे करीत ती सुमारे ७२४ किलोमीटर चालून येथे समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातील जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे अकोला-अमरावतीस, बुलढाण्यास, जळगावास जो पाऊस पडतो त्याचा हिशेब सुरतेस द्यावा लागतो. अक्काच्या शेजारी भुसावळकडील एक कुटुंब आहे. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी त्यांना माहेरच्या फोनवर आधी कळते, वर्तमानपत्रात मागाहून.

आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आला. ओवाऱ्यांवर (सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात) स्त्रियांची गर्दी होती, नदीला चुनडी नेसवावयाची होती. सूर्याची कन्या, यमाची बहीण. गंगेत स्नान करावे, नर्मदेचे दर्शन घ्यावे, आणि तापीचे नुसते स्मरण पुरे, असे म्हणतात. अक्का ओटीचे तबक सावरीत म्हणाली, "स्मरण राहिले तर ना! या गावाला चौतीस वर्षे राहिले नव्हते."

हे चौतीस वर्षांचे गणित समजावून घेणे अगत्याचे आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये मोठी रेल आली. त्या वेळी उकाईचे धरण पुरे झालेले नव्हते. अक्काच्या सासरची मंडळी तेव्हा नानपुऱ्यात नावडी ओवाऱ्याच्या अंगास भाड्याने राहत. घर जुन्या वळणाचे, जोत्याला उंच ओटा, वर लाकडी माळा. सासूबाई सांगत की पाणी ओट्याच्या पायऱ्या चढून उंबऱ्यापर्यंत आले, तिथे एक रात्र थांबले आणि उतरले. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. 'आता रेल नाही' हे वाक्य इतक्यांदा बोलले गेले की तेच खरे वाटू लागले. नदीच्या पलीकडे अडाजण, रांदेरच्या बाजूस जी शेते होती, पुराच्या पाण्यास पसरावयास जी मोकळी जागा होती, तिथे सोसायट्या उठल्या. दोन्ही काठांना पाळे घातले गेले, नदीचे पात्र गाळाने भरत गेले. दाजींनी १९८६ साली अडाजणला ब्लॉक घेतला. तळमजला मुद्दाम घेतला, सासूबाईंना जिना चढवत नव्हता म्हणून.

१९९४ च्या सप्टेंबरात पाणी आले, परंतु त्या पाण्याची आठवण कोणास राहिली नाही, कारण त्याच्या पाठोपाठ प्लेगची बातमी आली आणि निम्मे गाव मिळेल त्या गाडीने निघून गेले. अक्का-दाजी तेव्हा दहा दिवस आमच्याकडे बडोद्यास होते, आणि आमचे शेजारी आमच्याकडे चहास येईनासे झाले होते, हेही येथे नमूद करून ठेवतो. १९९८ ची रेल मोठी होती, तरी अक्काच्या इमारतीच्या फाटकापासून परत गेली. त्यामुळे सासूबाईंचा शब्द अधिकच वजनदार झाला.

आणि मग २००६ साल उजाडले.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात पाऊस लागून राहिला होता. उकाईचा जलाशय भरत आला होता आणि खाली पाणी सोडणे भाग पडले. सोमवार, ७ ऑगस्टला शहरात पाणी शिरू लागले. दाजींनी सासूबाईंस विचारले. सासूबाई ऐंशीच्या पुढे, परंतु बुद्धी लखलखीत. त्या म्हणाल्या, "अडुसष्ट साली उंबऱ्याशी थांबले. हे जोते त्याहून उंच आहे. देव आणि तांदुळाचे पोते तेवढे माळ्यावर टाका." सर्वांनी तसेच केले. अक्का आजही सांगते की ते सहा-सात तास तिच्या हातून गेले. त्या वेळात वरच्या मजल्यावर काय काय नेता आले असते! दाजींची इन्सुलिनची बाटली शीतकपाटात, घराची खरेदीखते लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, पिण्याचे पाणी एक घागर.

मंगळवारी पहाटे न्हाणीघरातील जाळीतून पाणी आले. पुढच्या दाराने नव्हे, मोरीतून. नदी चढली की गटारे उलटी वाहू लागतात, ही गोष्ट त्यांना तोवर ठाऊक नव्हती. तासाभरात ते विजेच्या बटणांपर्यंत चढले. गॅसची टाकी आडवी होऊन तरंगू लागली आणि भिंतींवर आपटू लागली. त्या अंधारातील तो आवाज अक्का अजून विसरलेली नाही. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने वर नेले, दुसऱ्या मजल्यावरील एका सुरती कुटुंबाकडे. तिथे चार दिवस एकवीस माणसे राहिली. बुधवारी नारळी पौर्णिमा होती. सुरतेहून समुद्र दूर नाही, आणि पौर्णिमेच्या उधाणात खाडीचे पाणी नदीला पुढे जाऊ देत नाही. वरून उकाईचे पाणी आणि खालून समुद्राचा रेटा, यांच्यामध्ये शहर सापडले. राखीच्या दिवशी घरात दिवा नव्हता, नळाला पाणी नव्हते, दूरध्वनी मुका होता. त्या घरच्या गृहिणीने ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात दाजींचे इन्सुलिन ठेवले. बाटली वर आणताना अक्काने ती ब्लाउजमध्ये खोचली होती. बाकी सर्व गेले तरी ती तेवढी हातात आली. लष्कराच्या होड्या फिरत होत्या, हेलिकॉप्टरमधून अन्नाची पुडकी टाकीत होते, गच्चीवरची मुले ती झेलीत होती. आम्ही बडोद्यास दूरचित्रवाणीवर ती गच्च्यांची चित्रे पाहत असू आणि कोणत्या गच्चीवर अक्का आहे ते शोधीत असू.

येथे आकड्यांकडे पाहिले पाहिजे. नदीचे पाणी होप पुलाच्या नावाने मोजतात; तेथे धोक्याची रेघ साडेनऊ मीटरवर आहे. १९६८ साली नदीतून सुमारे साडेपंधरा लाख क्युसेक पाणी वाहून गेले आणि पातळी १२.०८ मीटर झाली. २००६ साली पाणी सुमारे नऊ लाख क्युसेक, आणि पातळी १२.४० मीटर! पाणी कितीतरी कमी, तरी चढले जास्त. नदी तीच, परंतु तिची कूस लहान झाली होती. सासूबाईंची आठवण खोटी नव्हती. ज्या नदीची ती आठवण होती ती नदी उरली नव्हती. धरण अगोदरच रिकामे का केले नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्या वादात आम्ही पडत नाही.

आम्ही आठव्या दिवशी मेणबत्त्या, पाण्याचे डबे आणि फिनेल घेऊन सुरतेस गेलो होतो. रस्ताभर घराघरांतून काढलेल्या गाद्या, पुस्तके, साड्यांचे तागे, आणि त्या सर्वांवर एक राखाडी लेप. तापीचा गाळ फार बारीक असतो. पाणी उतरत असतानाच तो झाडूने, फळीने पाण्याबरोबर बाहेर लोटावा लागतो. एकदा ऊन लागले की सिमेंट होतो. जुन्या सुरतेतील लोकांना हे ठाऊक असल्याने ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून घर धूत होते. अक्काच्या घरी मात्र सगळे उतरल्यावर सुरुवात झाली. दाजी अनवाणी कामाला लागले. गाळात काच होती. मधुमेही माणसाचा पाय. जखम चिघळली, पुढे दोन बोटे काढावी लागली. ते त्यानंतर सात वर्षे होते, परंतु पूर्वीसारखे चालले नाहीत.

हे सर्व मनात असल्यामुळे आम्ही जेवणानंतर विषय काढला. अक्का काही बोलली नाही. स्वयंपाकघरात शिडी लावली आणि आमच्या सौ.ना म्हणाली, "चढ वर."

माळ्यावर जे होते त्याची यादी सौ.नी तिथल्या तिथे करून घेतली. दोन कळशा झाकण लावून, पाऊस लागला की भरावयाच्या. घट्ट झाकणाच्या डब्यात चुरमुरे, खाकरे, भाजके दाणे, गूळ, दुधाची भुकटी. आगपेटी काचेच्या बरणीत, मेणबत्त्या, विजेरी आणि तिच्या बॅटऱ्या वेगळ्या, सेलवर चालणारा लहान रेडिओ. औषधे महिन्याची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जाड सुती दोरी वीस हात. क्लोरीनच्या गोळ्या. एक शिटी. रबरी बूट, आणि त्यांवर आडवे लिहिलेले 'आधी हे'. खरेदीखत, बँकेची पुस्तके, आधारकार्ड दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी. त्यांच्या प्रती पुण्यास. गॅसच्या टाकीला साखळी, भिंतीतील कडीला अडकविलेली. मुख्य बटण छातीच्या उंचीवर घेतलेले. मोऱ्यांच्या जाळ्यांसाठी वाळूच्या लहान पिशव्या. "आणि हे," म्हणून तिने एक वही दाखविली. तीत रोजचा उकाईचा आकडा, किती पाणी आत आले आणि किती सोडले, वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेला. शेजारच्या भुसावळकर वहिनींचा हतनूरचा आकडा निराळ्या शाईने. होप पुलाशी आठ मीटर झाले की तिने वर जावयाचे, हे ठरलेले. वरच्या मजल्यावरील त्या सुरती कुटुंबाकडे तिची एक पेटी कायमची ठेवलेली आहे आणि तिच्या घराची किल्ली आहे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला.

"उशिरा निघालो म्हणून सगळे गेले. आता आठ मीटरला निघते. लोक हसतात, हसू देत. दोनदा उगीच चढले. दोन्ही वेळा रात्री वर चांगली उंधियूची गोष्ट निघाली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस उकाईस पाठविले. पाठविले म्हणावयाचे, कारण ती स्वतः आली नाही. भुसावळ मार्गावरील गाडीने उकाई-सोनगढ स्थानकावर उतरावे. सोनगढ म्हणजे बडोदेकरांना आजोळच. पिलाजीराव गायकवाडांनी येथूनच गुजरातेतील सत्तेचा पाया घातला. किल्ला डोंगरावर अजून उभा आहे. धरण तेथून जवळ. बावीस दरवाजे एका ओळीत, आणि मागे वल्लभसागराचे पाणी थेट नंदुरबारच्या हद्दीपर्यंत. त्या पाण्याखाली अनेक आदिवासी गावे गेलेली आहेत. पूर्ण जलाशयाची पातळी ३४५ फूट. तथापि ती पावसाळ्याच्या अखेरीसच गाठावयाची असते. जुलै-ऑगस्टमध्ये पुरासाठी जागा राखून पायरीपायरीने भरावयाचे. उन्हाळ्यातील शेती आणि वीज हवी तर धरण भरलेले हवे, आणि सुरत सुरक्षित हवी तर रिकामे हवे. दरवर्षी हा जुगार खेळावाच लागतो.

परत येताना सिंगणपूरच्या कॉजवेवर थांबलो. १९९५ साली बांधलेला हा बंधारा पाणी सहा मीटरवर गेले की रहदारीस बंद होतो. त्या दिवशी तो बंद होता, आणि अर्धे सुरत पाणी पाहावयास व भुट्टे खावयास लोटले होते. तेथून पुढे किल्ल्यापाशी गेलो. सोळाव्या शतकातील तो किल्ला आता डागडुजी होऊन संग्रहालय झाला आहे. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत इंग्रज-डचांच्या वखारी जिथे दारे लावून बसल्या होत्या, तो हाच भाग. कधीकाळी जहाजांना माल पोहोचविणारी नदी येथे आता किनाऱ्यालगत गाळाची बेटे करून आहे.

एक गोष्ट मात्र अक्काच्या वहीत नाही, ती तिनेच सांगितली. २०२५ च्या जूनमध्ये तापीला पूर नसताना शहराच्या आग्नेयेकडील खाड्यांना पूर आला. आभाळातून पडलेले पाणीच खाड्यांना पेलले नाही आणि लिंबायत, पर्वत पाटियाच्या बाजूस घरांत शिरले. तिथे आपली खानदेशी वस्ती दाट आहे. त्यांना ना उकाईच्या आकड्याचा उपयोग, ना होप पुलाचा. "त्यांनी आभाळाकडेच पाहावयाचे," अक्का म्हणाली. तिच्याकडे काम करणारी बाई तिकडचीच. तिच्या धाकट्या मुलाला त्या पाण्यात खेळल्यावर ताप आला होता. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अंगदुखी, डोळे लाल आणि ताप आला की घरगुती काढ्यावर दिवस न घालविता दवाखाना गाठावा लागतो. अक्काने त्याला त्याच दिवशी नेले. मुलगा वाचला. त्या बाईच्या पायांतील रबरी बूट अक्काने दिलेले आहेत.

निघावयाच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा धीर करून म्हणालो, "अक्का, तरीपण मुलाच्या जिवाला घोर लागतो गं." तिने सुपारी कातरणे थांबविले.

"अरे, दोन वर्षांपूर्वी जन्माष्टमीला तुमच्या विश्वामित्रीचे पाणी आले, तेव्हा तुमच्या माळ्यावर काय होते?"

आम्ही गप्प बसलो. २६ ऑगस्ट २०२४ च्या त्या आठवड्यात काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री पस्तीस फुटांवर गेली होती. नदीतल्या मगरी सोसायट्यांत फिरत होत्या. आम्ही, धरणाचे आकडे पाठ असलेल्या बहिणीचे भाऊ, दोन दिवस डायनिंग टेबलावर बसून होतो. गाडी गेली, पेन्शनचे कागद गेले. सौ.ची रक्तदाबाची गोळी शेजाऱ्यांनी दोरीने वरून सोडली. त्या वेळी अक्काचा फोन चारदा आला होता. आम्ही तिला "सगळे ठीक आहे" असे सांगितले होते, आणि तिला ते पटले नव्हते, हे आता कळले.

भाच्याला काय सांगावयाचे ते ठरले नाही. अमेरिकेत बर्फाच्या वादळापूर्वी लोक पंधरा दिवसांचे सामान भरून ठेवतात, आईचे तसेच आहे असे समज, एवढे आम्ही फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "मामा, तुम्हांलाच तिने समजावलेले दिसते." नंतर थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आठ मीटरला ती खरेच वर जाते ना?" आम्ही म्हणालो, वरच्या मजल्यावर विचारून आलो आहोत, दोन्ही वेळा गेली होती.

परतीच्या गाडीत सौ.च्या मांडीवर अक्काने दिलेला डबा होता. आम्हांला वाटले सुरतची घारी असेल. उत्राणच्या पुलावर गाडी आली तेव्हा सौ.नी तो उघडला. आत शिटी, मेणबत्त्या, काचेच्या बाटलीत आगपेटी, आणि तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेली यादी. शेवटच्या ओळीत, 'बाकीचे तुम्ही भरा'. खाली तापी गढूळ, दोन्ही काठांना टेकून चालली होती. या वेळी दोघांनीही हात जोडले.

बडोद्यास पोहोचल्यावर त्याच रात्री शिडी लावली. माळ्यावर आमच्या १९८४ पासूनच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, मोडका पाळणा होता आणि तीन फुटके बादलीवजा पिंप. कळशी ठेवावयास जागा करण्यात दोन दिवस गेले.